सेल्फ-हीलिंग मटेरियलचा प्रेशर सेन्सर: पुण्यात जमवून, कापून, दाबून केलेला रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. प्रेशर सेन्सरच्या आत जो दबणारा थर असतो तो सेल्फ-हीलिंग, म्हणजे कापलं तरी आपोआप परत जुळणाऱ्या मटेरियलचा करायच्या भानगडीत पडू नका, तिथे साधं प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनमच्या मदतीने सेट होणारं) सिलिकॉनच घ्या. सेल्फ-हीलिंगची फारच हौस असेल तर ते बाहेरच्या आवरणाला वापरा, तिथे ते खरंच कामाचं आहे. आता हे कशावरून म्हणतेय ते सविस्तर लिहिते, कारण या विषयावर नेटवर एकतर रिसर्च पेपर आहेत नाहीतर मिनिटभराचे व्हिडिओ, मधलं काहीच नाही.

आमचं काम काय ते थोडक्यात. मी आणि माझा पार्टनर कर्वेनगरला एका छोट्या जागेत बुटात घालायचा सेन्सरवाला इनसोल बनवतोय, डायबेटीसच्या पेशंटसाठी. पायाची संवेदना गेली की बुटात खडा गेला तरी कळत नाही. डॉक्टर तळपायाला तो नायलॉनचा दोरा टेकवून बघतात ना, १० ग्रॅमच्या जोराला वाकणारा, तो टेकलेला ज्यांना कळत नाही असे हे पेशंट. तळपायाच्या कुठल्या भागावर सारखा जास्त दाब येतोय ते वेळेत कळलं तर पुढची जखम टाळता येते. आता इनसोल म्हटला की तो वाकणार, ताणला जाणार, आणि कधी ना कधी त्याला खिळा, खडा, बुटाचा सुटलेला टाका असं काहीतरी लागणारच. म्हणून सेल्फ-हीलिंग. ऐकायला कल्पना झकास आहे, मीटिंगमध्ये सांगितली की लोक माना डोलावतात.

ते व्हिडिओ तुम्ही पण बघितले असतील. पट्टी कात्रीने कापतात, दोन तुकडे एकमेकांना टेकवतात, थोडं थांबतात आणि मग मस्त ताणून दाखवतात, तुटत नाही, टाळ्या. पण त्याच जोडलेल्या पट्टीवर वजन ठेवलं, काढलं, परत ठेवलं तर आकडा तोच येतो का हे कुणी दाखवत नाही. पट्टी घट्ट जुळली का हा प्रश्न दोरीला विचारायचा, सेन्सरला विचारायचं की बाबा कापायच्या आधी १०० ग्रॅमला जे सांगत होतास तेच आत्ता पण सांगतोयस का.

टेस्टिंगचा सेटअप साधाच आहे. एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरचे दोन इलेक्ट्रोड (वीज वाहून नेणारे तुकडे), मध्ये एक मिलिमीटर जाडीचा थर, झाला कपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारा भाग. दाबलं की अंतर कमी होतं, कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, वाढतो. वजनं किराणावाल्याची, जुन्या बाजारातून आणलेली मापं, ५० ग्रॅमपासून २ किलोच्या लोखंडी मापापर्यंत. एका चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम म्हणजे जवळपास १० किलोपास्कल, बोटाचा हलका स्पर्श साधारण याच्या आतच असतो, आणि २ किलो म्हणजे २०० किलोपास्कलच्या आसपास, चालताना तळपायाखाली येतो तसला दाब. मापाखाली एक सेंटिमीटरचा ॲक्रिलिकचा चौकोन ठेवायचा, नाहीतर माप कलंडतं आणि दाब कुठे पडतोय ते कळत नाही. डायइलेक्ट्रिक, म्हणजे मधला थर, सिलिकॉनचा असेल तर हा सगळा कपॅसिटर जेमतेम अडीच पिकोफॅरडचा होतो, आणि साध्या कोॲक्स वायरचाच मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास असतो, त्यामुळे नीट शील्ड केलं नाही तर नुसता हात जवळ नेला तरी आकडा हलतो, वजन ठेवायची पण गरज नाही! घरी करून बघणाऱ्यांनी सगळ्यात आधी इथे लक्ष द्या, मटेरियल नंतर.

आणि एक आकडा डोक्यात ठेवा, पुढचा सगळा रिव्ह्यू त्यावरच आहे. नॉर्मल चालताना एका पायाचं चक्र साधारण एका सेकंदाहून थोडं जास्त असतं, त्यातला ६० टक्के वेळ पाय जमिनीवर आणि ४० टक्के हवेत. म्हणजे दबलेल्या थराला परत मूळ जाडीवर यायला जेमतेम ०.४ सेकंद मिळतात. तेवढ्यात नाही आला तर पुढचं पाऊल चुकीच्या शून्यावर, म्हणजे वजन नसतानाच्या चुकीच्या आकड्यावर पडणार.

पहिला उमेदवार पीपीएफ, म्हणजे गाड्यांना लावतात ती पारदर्शक फिल्म. 'सेल्फ-हीलिंग' हा शब्द पुण्यात रस्त्यावरच्या पाटीवर कुठे दिसत असेल तर तो इथेच. बाणेरच्या बाजूला एका डिटेलिंगवाल्याकडे गेले.

"ताई, गाडी कोणती?"

"गाडी नाहीये, कात्रण हवंय."

"कशाला?"

"बुटात घालायला."

त्याने दोन मिनिटं माझ्याकडे नुसतं बघितलं. पण माणूस भला निघाला, डेमो पॅनलवर पितळी ब्रश खराखरा घासला, वरून थर्मासमधलं गरम पाणी ओतलं आणि ओरखडे खरंच डोळ्यांसमोर गेले. मी विचारलं, आरपार कापली तर? "आरपार कापली तर नवीन लावायची की!" एवढं प्रामाणिक उत्तर मला या क्षेत्रात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. कारण खरी गोष्ट तीच आहे. ही फिल्म म्हणजे १५०-२०० मायक्रॉनचं टीपीयू (ताणणारं पॉलियुरेथेन प्लॅस्टिक) आणि वर एक पातळ कोटिंग, ओरखड्यात मटेरियल तुटलेलं नसतं, नुसतं बाजूला ढकललेलं असतं, गरम केलं की साखळ्या सैल होतात आणि पृष्ठभाग परत सपाट होतो. चीर मात्र भरत नाही. सेन्सरच्या आतल्या थरासाठी उपयोग शून्य, फार पातळ आणि कडक. पण आवरण म्हणून एक नंबर: वाकतं, ताणतं, घाम-पाणी आत जाऊ देत नाही, आणि बारीक ओरखड्यांचं टेन्शन नाही. कात्रणांचे पैसे पण घेतले नाहीत त्याने. पाचपैकी चार, त्यातला एक मार्क त्या माणसाला.

दुसरा म्हणजे टाकणखार आणि पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) यांचा जेल, मुलं स्लाइम म्हणून खेळतात त्याचाच मोठा भाऊ. टाकणखार रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतो, पीव्हीएची पावडर केमिकलवाल्याकडून. पावडर पाण्यात हळूहळू सोडत ९० अंशांच्या आसपास ढवळत बसायचं, एकदम ओतली तर गुठळ्या होतात आणि त्या मग जाता जात नाहीत. बोरेट आणि पीव्हीएच्या साखळ्या यांच्यातले बंध सारखे तुटत-जुळत असतात म्हणून कापलेला जेल एकत्र ठेवला की थोड्या वेळात रेघ पण दिसत नाही, बघायला खरंच भारी वाटतं. मीठ घातलं की वीज पण वाहते. इथून पुढे कटकट चालू. साध्या मल्टिमीटरवर आकडा थांबतच नाही, सरकतच राहतो, कारण डीसी दिला की आयन इलेक्ट्रोडजवळ जमा होत जातात, म्हणून एलसीआर मीटर, म्हणजे एसी देऊन मोजणारा मीटर, लागतो, आम्ही एक किलोहर्ट्झवर मोजलं. मिठामुळे तांब्याची टेप हिरवी पडते ते वेगळंच. आणि पुण्याची हवा! एप्रिलमध्ये उघडा ठेवलेला तुकडा दुपारपर्यंत कडेने आखडायला लागतो, ग्लिसरीन घातलं की बरंच टिकतं, पण मग पावसाळ्यात तोच जेल हवेतलं पाणी ओढून सैल पडतो. २ किलोचं माप ठेवलं की चारी बाजूंनी बाहेर. शाळेच्या सायन्स एक्झिबिशनला पाचपैकी पाच, बुटात घालायला एकही नाही.

तिसरी पुट्टी. पॉलिबोरोसिलॉक्झेन, ती उसळणारी पुट्टी, १९४३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या जेम्स राइटला कृत्रिम रबर शोधता शोधता सापडलेली. ऑनलाइन खेळणं म्हणून मिळते. आपटली तर चेंडू, ठेवून दिली तर पसरते, आणि कापून ठेवली तर काही वेळात परत एक. मला सगळ्यात जास्त आशा हिच्याकडून होती, कारण २०१६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजवाल्यांनी अशाच पुट्टीत ग्राफीन (अणूइतका पातळ कार्बन) मिसळून इतका संवेदनशील सेन्सर केला होता की कोळ्याची पावलं कळत होती, गेज फॅक्टर, म्हणजे ताणाच्या मानाने विद्युत रोध किती बदलतो तो आकडा, ५०० च्या वर, ताण मोजायच्या साध्या धातूच्या स्ट्रेन गेजचा तो २ च्या आसपास असतो. म्हटलं कोळी कळतो तर माणूस का नाही कळणार?

तर नाही कळत. म्हणजे पाऊल पडल्याचं कळतं, उत्तम कळतं. पण कोळ्याची चाल, नाडीचा ठोका हे सगळे झटके आहेत, येऊन जाणारे. आम्हाला मोजायचाय तो पीएमपीच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभा राहिलेला माणूस. त्याचं वजन तेवढंच आहे, तो हललेला पण नाही, पण खालची पुट्टी हळूहळू दबतच चाललीये, जाडी कमी होतेय, आणि मीटरवर दाब वाढत वाढत वाढत चाललाय. बस आली, माणूस चढला, पाय उचलला, तरी आकडा शून्यावर येत नाही. याला क्रीप म्हणतात. आम्ही टेबलावर २ किलोचं माप ठेवून चहा प्यायला गेलो तर परत येईपर्यंत ॲक्रिलिकचा चौकोन पुट्टीत बुडून माप कडेला टेकलेलं होतं.

यात गोम अशी आहे, आणि हे कुठलाही विकणारा सांगत नाही, की मटेरियल स्वतःहून जुळतं ते आतले बंध सुटतात आणि परत बांधले जातात म्हणून, आणि दाबाखाली वाहतं ते पण नेमकं त्याच कारणाने. बंध जितके चपळ तितकं जुळणं पटकन, आणि तितकंच बसणंही पटकन. कायमचे बंध वाढवून वाहणं थांबवता येतं, पण मग जुळायला तास लागतात नाहीतर उष्णता द्यावी लागते. दोन्ही एकदम हवं म्हटलं की घोडं अडतं. दोरीला, कोटिंगला, केबलच्या आवरणाला हे चालून जातं, त्यांना ०.४ सेकंदात मूळ जाडीवर यायचं नसतं.

चौथं मात्र खरंच चांगलं मटेरियल होतं, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते. पाषाणला पीएचडी करणाऱ्या एका मैत्रिणीने डायसल्फाइड असलेल्या पॉलियुरेथेनच्या काही शीट दिल्या, पिवळट, हाताला किंचित चिकट, थोडा वास. यात गंधक-गंधक बंध आपापसात जोड्या बदलतात, खोलीच्या तापमानाला, पण निवांत. ब्लेडने कापलं, कडा भिडवल्या, रात्रभर ठेवलं, सकाळी दोन्ही हातांनी ताणलं तरी सुटलं नाही. २ किलोखाली बसतं थोडंसं पण पुट्टीसारखं लोळण घेत नाही. चालण्याच्या वेगाने वजन ठेवत-काढत गेलं की पहिल्या काही पावलांत शून्य सरकतं आणि मग बऱ्यापैकी स्थिर होतं, हे सॉफ्टवेअरमध्ये सांभाळता येतं.

अडचण जोडावर आहे. हाताने कितीही नीट भिडवा, एक कड केसभर वर राहतेच, तिथे जाडी वेगळी, म्हणजे शून्य वेगळं. वजनागणिक आकडा किती वाढतो ते जवळपास आधीसारखंच राहिलं पण सुरुवातच हलली, म्हणजे परत कॅलिब्रेट करणं, आकडे नव्याने जुळवून घेणं, आलं, आणि पेशंटच्या बुटात कोण जाऊन कॅलिब्रेट करणार? दुसरं म्हणजे चीर ताजी असताना बंद केली तरच नीट जुळते. आमच्या शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे, दिवसभर उघडी राहिलेली चीर धुळीने भरली आणि मग ती काही केल्या धड जुळली नाही. बुटात तर दर पावलाला चीर उघडणार, मिटणार, त्यात मोज्याचे धागे. जुळायला जी विश्रांती लागते ती रात्री बूट रॅकवर असतानाच मिळणार. स्टॅनफर्डला झेनान बाओंच्या ग्रुपने २०१२ मध्ये निकेलचे कण घातलेलं जे मटेरियल दाखवलं त्यात १५ सेकंदांत सुमारे ९० टक्के वाहकता परत आली होती आणि १० मिनिटांत मजबुती, पण तिथेही कापलेल्या कडा एकमेकांना भिडवून दिलेल्या होत्या. लॅबमधली चीर आणि बुटातली चीर यात हाच फरक. पाचपैकी साडेतीन, आणि हे विकत मिळत असतं तर आवरणासाठी मी पीपीएफच्या आधी हेच घेतलं असतं.

(मध्येच एक: कापल्यावर मिलिसेकंदांत जुळणारे स्फटिक पण आहेत, आयसर कोलकाता आणि आयआयटी खरगपूरचं २०२१ चं काम, तुटलेल्या दोन कडांवरच्या विद्युतभारांनी ते एकमेकांना ओढतात. भन्नाट आहे, पण ते कडक स्फटिक, ताणता येत नाहीत, आपल्या कामाचे नाहीत. आपल्याकडचं काम म्हणून सांगितलं.)

आता इलेक्ट्रोड, ज्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. मधला थर जुळला समजा, पण वरची तांब्याची टेप कापली गेली ती कापलीच, सर्किट ओपन. तपकीर गल्लीत टेप हवी तेवढी मिळते, पण ती ताणली की फाटते. कंडक्टिव्ह कापड ताणतं, पण जुळत नाही. जुळणारा इलेक्ट्रोड हवा असेल तर द्रवरूप धातू, ७५.५ टक्के गॅलियम आणि २४.५ टक्के इंडियम, साधारण १५.७ अंशांच्या वर पातळ, चीर पडली तरी वाहून परत जोडला जातो. पण महाग, हाताला लागला की काळं काळं होतं, आणि ॲल्युमिनियमला लागला तर ते ठिसूळ करून टाकतो, त्यामुळे लॅपटॉपच्या आसपास पण नेऊ नका. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा १५ च्या खाली जातोच, पण हा मिश्रधातू सहजासहजी गोठत नाही, बराच खालपर्यंत पातळच राहतो, तेवढं एक बरं.

टेस्टिंग लॅबचा पण रिव्ह्यू देते, नाव न घेता. जुळण्याची टक्केवारी काढायची तर आधीची ताकद आणि नंतरची ताकद दोन्ही हव्यात, म्हणून डंबेल आकाराचे तुकडे कापून भोसरीच्या एका लॅबला दिले. रिपोर्ट आला, शिक्का, सही, सगळं व्यवस्थित, आणि जुळलेला तुकडा अख्ख्या तुकड्यापेक्षा मजबूत! जाऊन बघितलं तर मशीनला ५० किलोन्यूटनचा लोड सेल (जोर मोजणारा भाग), लोखंडी सळ्या ओढायचा. आमचा तुकडा सहा मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड, तुटतो १२-१५ न्यूटनला, म्हणजे त्या सेलच्या ०.०३ टक्के. एवढ्यात तो सेल बिचारा काय सांगणार, आला तो आकडा छापला. वर तुकडा जबड्यातून सरकत होता. "मॅडम, रबरच आहे ना, चालतं तेवढं." नाही चालत दादा. पैसे परत मागितले तर "रिपोर्ट दिलाय ना तुम्हाला". नंतर कोथरूडच्या बाजूला एक छोटी लॅब सापडली, १०० न्यूटनचा सेल, तिथल्या मुलाने स्वतःहून तुकड्याच्या टोकांना पॉलिश पेपरचे तुकडे लावले म्हणजे जबड्यात घसरत नाही, आणि ताणाचा अख्खा ग्राफ पेनड्राइव्हवर दिला. तिथे जुळलेला तुकडा जोडावरच तुटला, अख्ख्यापेक्षा कमी जोराला, जसं अपेक्षित असतं तसं. फोनवर दर विचारायच्या आधी लोड सेल किती न्यूटनचा आहे ते विचारा.

सध्या आम्ही वापरतोय ते: आत साधं मऊ सिलिकॉन, इकोफ्लेक्स ००-३०, दोन भाग समसमान मिसळायचे, ४५ मिनिटं हाताशी, चार तासांत तयार, ९०० टक्के ताणतं आणि मुख्य म्हणजे पाय उचलला की परत येतं. फाटायला मात्र हलकं आहे, नखाने चीर पडली की चीर पळते, म्हणूनच वर आवरण. मिसळताना बुडबुडे व्हॅक्यूमने काढा, बुडबुडा राहिला की तो सेन्सर शेजाऱ्यापेक्षा वेगळाच आकडा देतो. मूर्तींचे साचे करणाऱ्यांकडे मिळतं ते सिलिकॉन स्वस्त पडतं पण ते बहुतेक टिन क्युअर असतं, ते कालांतराने आकसतं, आणि त्याच भांड्यात प्लॅटिनमवालं मिसळलं तर ते सेटच होत नाही. हाच त्रास गंधकाचा. त्या डायसल्फाइडवाल्या पॉलियुरेथेनवर सिलिकॉन थेट ओतलं तर जिथे दोघं भेटतात तिथे चिकट बरबट राहतं, गंधक प्लॅटिनमला मारतो. लॅटेक्सचे हातमोजे घालून पण मिसळू नका, नायट्राइलचे घाला. दोन्ही थर वेगवेगळे तयार करून मग सिलिकॉनच्या बाजूला आधीच सेट झालेली पातळ फिल्म ठेवली की जमतं.

पावसाळ्याची टेस्ट अजून बाकी आहे, आवरणाच्या कडेने पाणी आत शिरलं तर अडीच पिकोफॅरडचं काय होतं ते बघायचंय, पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (कपॅसिटन्स ज्याच्या प्रमाणात वाढतो तो आकडा) ८० च्या आसपास, सिलिकॉनचा ३ च्या आतबाहेर, त्यामुळे एक थेंब पण पुरेसा आहे. पहिल्या पावसात सिंहगड रोडला बूट घालून फिरायचा प्लॅन आहे, तिथलं पाणी बघता बाकी काही वेगळं करायची गरज पडणार नाही. आणि त्या पिवळ्या शीटबद्दल मेसेज करणार असाल तर संपल्यात, मैत्रीण थीसिस लिहायला बसलीये, तिला त्रास देऊ नका.